टाळ थांबले की लोक कावरेबावरे का होतात?

मागच्या अंकात या पानावर काकड आरतीबद्दल सहज दोन ओळी लिहिल्या होत्या, की आरती संपल्यावर लगेच चपला शोधायला धावू नका, पाच मिनिटं तिथंच गप्प बसा, बरं वाटतं. मला वाटलं कोणी वाचणार नाही. तर पत्रं आणि व्हॉट्सॲप मिळून इतकं आलं की हे अख्खं पान त्यालाच द्यावं लागतंय. काही पत्रं छाटली आहेत, भाषा मात्र ज्याची त्याची तशीच ठेवली. गुडघेदुखी आणि सोयाबीनवरच्या खोडमाशीचे प्रश्न पुढच्या वेळी.

प्रश्न : गुरुजी नमस्कार. मी आमच्या गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतो. आमचे बुवा म्हणतात का तू सारखा भरत राह्यते, जरा जागा सोड, चरणाच्या शेवटी हात थांबव. मी तसं करून पाह्यलं तं मागचे टाळवाले गडबडले, एक काकाजी माह्याकडे असे पाहाले लागले का जसा मी झोपलोच, अन् बायांच्या साइडनं दोघीतिघींनी टाळ्या वाजवून देल्या, त्याहिले वाटलं अभंग झाला. आता थांबू का नको थांबू?
— एक वादक, दर्यापूर तालुका

उत्तर : थांब बाबू, बुवा बरोबर सांगून राहिले. पण तू थांबला नाहीस, तू नुसता हात काढून घेतलास, आणि ऐकणाऱ्याला हे बरोबर कळतं. कसं कळतं ते सांगता येत नाही पण अडाण्यातल्या अडाणी माणसालाही कळतं.

आता नीट पाहा. आपला भजनी ठेका आठ मात्रांचा. तिहाई, म्हणजे एकच बोल तीनदा वाजवून समेवर, ठेक्याच्या पहिल्या मात्रेवर, येणं, ती कशी बसवतोस तू? बहुतेक अशी : तिट कत धा, तिट कत धा, तिट कत धा. पहिल्या मात्रेपासून सुरू, तीन-तीन-तीन, आणि शेवटचा धा पुढच्या समेवर. मधे एकही मात्रा मोकळी नाही, म्हणून तिला बेदम तिहाई म्हणतात. आता हीच दमदार करून पाहा. पहिली मात्रा ठेक्यातच जाऊ दे, दुसऱ्या मात्रेवर तिट, तिसरीवर धा, चौथी मोकळी. पाचवीवर तिट, सहावीवर धा, सातवी मोकळी. आठवीवर तिट आणि धा थेट समेवर. बोल कमी झाले, हाताचं काम कमी झालं, आणि तरी ही ऐकायला जास्त वजनदार लागते, कारण चौथ्या आणि सातव्या मात्रेला सगळं मंडळ श्वास धरून बसतं की हा आता येतो का चुकतो. त्या दोन मोकळ्या मात्रा म्हणजे दम, आणि तो तुला वाजवायचा आहे. हो, वाजवायचाच. आधी पंधरा दिवस पखवाजाला हात लावू नकोस, तोंडानं म्हण, मोकळ्या मात्रेला मोठ्यानं ‘दम’ म्हण, मग हळू म्हण, मग मनात म्हण. मनातला दम जर बोटभर जरी कमी पडला तर समेला टाळवाल्यांशी टक्कर होतेच, तेव्हा कळेल की काही न वाजवायलाही रियाज लागते.

आपल्या संगीतात ही सोय पहिल्यापासून करून ठेवलेली आहे. तीनतालात सोळा मात्रा, नववीला खाली, तिथे टाळी न देता हात बाजूला टाकतात आणि डग्ग्याचा घुमारा बंद पडतो. त्या घुमाऱ्याच्या नसण्यावरूनच तर गाणाऱ्याला कळतं की अर्धं आवर्तन झालं, आता सम जवळ येते. रूपक तर सात मात्रांचा ताल, त्याची सुरुवातच खालीनं. म्हणजे जिथं जोर यायचा तिथंच जोर नाही. ज्यानं हे पहिल्यांदा केलं असेल तो माणूस भारी डोक्याचा असला पाहिजे.

आता तुझ्या काकाजींचं आणि टाळ्यांचं. टाळवाल्यांचा दोष नाही, त्यांचा हात तुझ्या हातावर चालतो. तू आधी सांगायलाच पाहिजे होतं की अमुक चरणाला सगळे मिळून थांबू. टाळ चालू आणि पखवाज बंद असं झालं की ऐकणाऱ्याला वाटतं पखवाजवाला चुकला, आणि सगळंच एकदम बंद झालं की वाटतं संपलं. मधला रस्ता पेटीवाल्याकडे असतो. त्याला म्हणा भाता चालू ठेव, नुसता षड्ज, म्हणजे सा, धर. खाली सूर धरलेला असला की कोणी टाळ्या वाजवत नाही, सगळ्यांना समजतं की गाडी अजून स्टेशनात उभी आहे. आणि तुझा हात कुठे होता रे त्या वेळेस? मांडीवर ठेवला असशील, नाहीतर धुमाची, म्हणजे डाव्या तोंडाची, कणीक चाचपत असशील. मग लोक टाळ्याच वाजवणार. दम घेताना हात पुडीच्या वर, चार बोटं उंच, तिथंच. बायांच्या साइडनं टाळी येणार नाही, मी लिहून देतो.

प्रश्न : सर, मागच्या महिन्यात आमचे मोठे बाबा वारले. मोक्षधामात श्रद्धांजली सभा झाली, सहा-सात जणांची भाषणं झाली, त्यात तिघं तर स्वतःबद्दलच बोलले. शेवटी संचालन करणाऱ्यांनी सांगितलं दोन मिनिटं मौन. माझा भाऊ म्हणतो वीस सेकंदही झाले नसतील की ते ‘ओम शांती’ म्हणून मोकळे. तेवढ्यातही एकाचा फोन वाजला आणि मागं कापसाच्या भावाची चर्चा सुरूच होती म्हणे. मी स्वतः घरी होते, बाया घाटावर जात नाही आमच्याकडे. पण मला फार लागलं हे. ही दोन मिनिटं आली कुठून, आणि लोकांना तेवढंही उभं राहवत नाही का?
— एक ताई, हिंगणघाट तालुका

उत्तर : ताई, तुम्हाला लागणं साहजिक आहे. मोठ्या बाबांना माझाही नमस्कार.

ही दोन मिनिटं आपल्या परंपरेतली नाहीत, तिकडून आली. पहिलं महायुद्ध चालू असताना 1918 मध्ये दक्षिण आफ्रिकेत केप टाउन शहरात रोज दुपारी बाराची तोफ झाली की सगळं शहर थांबायचं, ट्राम थांबायच्या, माणसं जिथल्या तिथं उभी. तिथल्या पर्सी फिट्झपॅट्रिक नावाच्या गृहस्थांनी ही कल्पना लंडनला कळवली आणि राजा पाचव्या जॉर्जनं युद्धसमाप्तीच्या पहिल्या वर्षदिनी, 11 नोव्हेंबर 1919 ला सकाळी अकराला, सगळ्या साम्राज्यात दोन मिनिटं स्तब्ध राहायला सांगितलं. साम्राज्यात आपणही होतोच. नंतर साम्राज्य गेलं आणि दोन मिनिटं राहिली. आपल्या सरकारनं तीच पद्धत 30 जानेवारीला गांधीजींच्या हुतात्मा दिनासाठी ठेवली, सकाळी अकरा वाजता. त्याची सूचना वाचण्यासारखी आहे : 10 वाजून 59 मिनिटांनी भोंगा सुरू, अकराला बंद, मग दोन मिनिटं, आणि 11 वाजून 2 मिनिटांनी पुन्हा भोंगा. म्हणजे सुरुवात कोण करणार आणि शेवट कोण करणार हे आधीच ठरलेलं.

आता तुमच्या घाटावर पाहा. शेवट कधी होणार हे कोणालाच माहीत नाही. संचालन करणाऱ्याच्या हातात घड्याळ नाही, तो मनात मोजतो, आणि शंभर माणसांसमोर मान खाली घालून उभ्या असलेल्या माणसाला वीस सेकंद म्हणजे दोन मिनिटंच वाटतात, त्यालाही तो वेळ खायला उठतो. लोकांना उभं राहवत नाही असं मला वाटत नाही, लोकांना हे राहवत नाही की कधी संपेल ते ठाऊक नाही. म्हणून मग खोकला येतो, चप्पल घासली जाते, कोणी डोळे किलकिले करून बघतं की बाकीच्यांनी मान वर केली का. खोकल्याची तर गंमतच आहे, भाषणं चालू असताना एकालाही येत नाही.

आणि लोकांना जमत नाही म्हणाल, तर मोझरीला येऊन पाहा. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी 11 ऑक्टोबर 1968 ला तिथल्या गुरुकुंज आश्रमात देह ठेवला, दुपारी 4 वाजून 58 मिनिटांनी. दरवर्षी पुण्यतिथी महोत्सवात, अश्विन वद्य पंचमीला, बरोबर त्याच मिनिटाला तिथं मौन श्रद्धांजली होते. लाखांनी लोक असतात, खेड्यापाड्यातून आलेले, लेकरं कडेवर, डोक्यावर भगव्या टोप्या, अर्धा तास आधी खंजिऱ्यांनी आणि ध्वनिक्षेपकांनी कान फुटायची वेळ आलेली, चहावाल्यांचं ओरडणं, हरवलेल्या पोरांची नावं माइकवरून चालू. आणि 4.58 ला सगळं बंद. ज्याला मोझरीला जाणं होत नाही तो आपल्या गावात गुरुदेव सेवा मंडळात उभा राहतो, त्याच मिनिटाला. हेच ते आपले लोक, ज्यांना घाटावर वीस सेकंद जमत नाही. फरक इतकाच की इथं मिनिट ठरलेलं आहे आणि ते सगळ्यांचं आहे.

तेव्हा पुढे एखाद्या सभेत पुन्हा मौन असेल तर घरातल्या एका माणसानं, तुम्हीच का नाही, घड्याळ हातात घ्या. आधी सांगा की एकच मिनिट उभं राहू पण पूर्ण राहू, फोन बंद करा, मी घंटा वाजवीन तेव्हा संपेल. देवघरातली छोटी घंटा चालते. एक पूर्ण मिनिट हे लोकांनी कधी ऐकलेलंच नसतं. भाषणं सहाची दोन करा, हे तर मी फुकटात सांगतो.

प्रश्न : गुरुजी, आमच्या गावात दरवर्षी सप्ताह असते. औंदा कमिटीत आम्ही पोट्टे आलो. आमच्यातले दोघं विपश्यना करून आले तं ते म्हणतात सप्ताहात रोज एक तास मौन ध्यान ठेवा. म्हातारे उखडले. ते म्हणतात देवाचं नाव तोंडानं घ्या लागते, हे गप्प बसणं आपल्यातलं नाई, हे तं तिकडचं. एका आबाजीनं तं वर्गणीच वापस मांगली. दोघांत कोणाचं बरोबर?
— सप्ताह कमिटी, दिग्रस तालुका

उत्तर : आबाजींची वर्गणी वापस करू नका, जाऊन त्यांच्याजवळ बसा.

आबाजींचं अर्धं बरोबर आहे. वारकऱ्यांचा सगळा भर मुखानं नाव घेण्यावर, हरिपाठ सुरूच होतो तो मुखे म्हणा या सांगण्यानं, आणि मोठ्यानं म्हणण्यात एक मोठा फायदा हा की तिथं वाचता न येणारा, सूर नसलेला, दिवसभर निंदणाला जाऊन आलेली बाई, सगळे एका ओळीत बसतात. गाडगेबाबांचं कीर्तन तर निव्वळ प्रश्नोत्तरं. ते विचारायचे आणि समोरच्या हजार-दोन हजारांकडून उत्तर काढून घ्यायचे, मग ‘गोपाला गोपाला देवकीनंदन गोपाला’. तिथं कोणी ध्यान लावून बसला असता तर बाबांनी त्याला उठवून झाडू दिला असता.

पण मौन आपल्यातलं नाही, हे मात्र आबाजींनी म्हणू नये. तुमच्या गावात महानुभाव घरं असतील, असतातच. अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर त्यांचं मोठं स्थान. त्यांच्या साधकाच्या आचारात अटन आणि विजन हे दोन शब्द जोडीनंच येतात, अटन म्हणजे फिरत राहणं आणि विजन म्हणजे गावाबाहेर, माणूस नसेल अशा जागी एकट्यानं स्मरण करत बसणं. सातशे-आठशे वर्षांपासून वऱ्हाडात हे चालू आहे. तुकडोजी महाराजांनी सकाळसाठी सामुदायिक ध्यान ठेवलं आणि संध्याकाळसाठी सामुदायिक प्रार्थना. स्वतः खंजिरी घेऊन हजारोंची सभा उठवणारा माणूस, त्याला दोन्ही लागत होतं. सेवाग्रामला गांधीजी 1936 ला आले, त्यांचा सोमवार मौनाचा, त्या दिवशी कोणी मोठा पुढारी आला तरी उत्तर चिठ्ठीवर. तिथल्या प्रार्थनेत जपानी भिक्खूंचा मंत्र आहे, थोडी शांतता आहे, मग ईशावास्य, मग कुराणातलं, पारशांचं, भजन, शेवटी रामधून. तुमच्या गावातल्या मशिदीत विचारा, फजर, मगरिब आणि इशाच्या नमाजेत इमाम मोठ्यानं म्हणतो, दुपारच्या दोन नमाजांत तेच मनातल्या मनात. कोणी भांडत नाही त्यावरून की आवाजाची खरी का बिनआवाजाची.

आता तुमच्या दोन विपश्यनावाल्यांना सांगा. तुम्ही इगतपुरीला गेले असाल नाहीतर नागपूरजवळ माहुरझरीला, दहा दिवस आर्य मौन पाळलं, इशाऱ्यानंही बोलायचं नाही, दहाव्या दिवशी सुटलं. चांगलं केलं. पण तिथं तुम्ही फॉर्म भरून गेले होते, पहाटे चारची घंटा होती, जेवण तयार होतं, शिकवणारे होते. सप्ताहातल्या मंडपात रांगतं लेकरू आहे, पंगतीचा भात शिजून राहिला आहे, आणि म्हाताऱ्या बाईला एक तास मांडी घालून गप्प बसवणं हे काही ध्यान नाही, ती शिक्षा आहे. एक तासाची गोष्टच करू नका.

मी म्हणतो असं करा. हरिपाठ संपला, कीर्तन सुरू व्हायला वेळ असतो, बुवांचा उपरणं बांधण्यात आणि पेटी जुळवण्यात जातो तो वेळ. त्यात पाच मिनिटं घ्या. माइक बंद, जनरेटर बंद करता आला तर तोही. सुरुवात आबाजींच्या हातात द्या, त्यांनी एकदा टाळ वाजवायचा, शेवटालाही त्यांनीच. ज्याला मनात नाव घ्यायचं तो नाव घेईल, ज्याला श्वास बघायचा तो श्वास बघेल, कोण काय करतो ते कोणी विचारायचं नाही. इंग्लंडात क्वेकर नावाचा पंथ आहे, सतराव्या शतकापासूनचा, त्यांची जुनी पद्धत अशी की पुजारी नाही, गाणं नाही, सगळे गप्प बसतात, एखाद्याला आतून आलं तर उभा राहून चार वाक्यं बोलतो. सेवाग्रामला नई तालीम या गांधीजींच्या शिक्षणाच्या कामात राहिलेल्या मार्जोरी साइक्स बाई याच पंथाच्या. त्यांच्यातही शेवट कोण करतं? दोन जाणती माणसं एकमेकांशी हात मिळवतात, की संपलं. म्हणजे आबाजी त्यांनाही लागतातच.

एक सावधगिरी. मौनाला फार मोठं करू नका, त्याचं बॅनर छापू नका. विनोबांनी पवनारला 25 डिसेंबर 1974 पासून एक वर्ष मौन घेतलं, आणि मधेच आणीबाणी लागली. त्यांनी लिहून दिलेले ‘अनुशासन पर्व’ हे दोन शब्द बाहेर आले आणि त्या दोन शब्दांचा अर्थ कोणी सरकारच्या बाजूनं लावला, कोणी म्हणालं त्यांना वेगळंच म्हणायचं होतं, महाभारतातलं. अजून वाद मिटलेला नाही. इतका मोठा माणूस, तरी. गप्प बसलेल्या माणसाच्या नावानं बाकीचे बोलायला लागतात, तुमच्या गावात तर चार दिवसांत सुरू होईल की पोट्ट्यांनी भजन बंद पाडलं. म्हणून पाच मिनिटं, आणि लगेच कीर्तन, जोरात.

प्रश्न : सर मी बीए सेकंड इयरला आहे. यूट्यूबवर एक व्हिडिओ पाहिला, एक माणूस पियानोवर बसतो, 4 मिनिटं 33 सेकंद काहीच वाजवत नाही, आणि शेवटी पब्लिक टाळ्या वाजवते! आमच्या ग्रुपवर टाकला तर सगळे म्हणाले येडे लोक आहेत, आमच्या गावचा बँडवाला तर ॲडव्हान्स घेऊन असंच करतो. तुम्हाला काय वाटतं, हे संगीत आहे का?
— एक विद्यार्थी, पुसद

उत्तर : बँडवाल्याचं बेस्ट आहे, हसलो मी खूप.

ही रचना जॉन केज या अमेरिकन संगीतकाराची, 1952 ची. पहिल्यांदा झाली 29 ऑगस्टला, न्यूयॉर्क राज्यात वुडस्टॉकला, जंगलाच्या कडेला एक लाकडी हॉल होता, मागून उघडा. डेव्हिड ट्यूडर नावाचा पियानोवादक बसला. त्यानं काय केलं ते बारकाईनं पाहण्यासारखं आहे. हातात स्टॉपवॉच. पियानोचं झाकण बंद केलं, म्हणजे पहिला भाग सुरू. उघडलं, संपला. पुन्हा बंद, दुसरा. असे तीन भाग. लोकांना बाहेरचा वारा ऐकू आला, मग छपरावर पावसाचे थेंब, आणि शेवटी स्वतःचीच कुजबुज, कारण तोवर लोक चिडले होते, काही उठून चालले होते. म्हणजे ज्या टाळ्या तुला व्हिडिओत दिसल्या त्या नंतरच्या काळातल्या, आता सगळ्यांना माहीत झालंय ना की काय होणार आहे, म्हणून टाळ्या. पहिल्या वेळेस तुझ्या ग्रुपसारखंच झालं होतं.

त्याच्या आदल्या वर्षी केज हार्वर्ड विद्यापीठात एका अशा खोलीत जाऊन आला होता जिथं बाहेरचा आवाज येत नाही आणि आतला भिंती शोषून घेतात. तिथंही त्याला दोन आवाज ऐकू आले, एक बारीक, एक जाड, दोन्ही त्याच्या स्वतःच्या शरीरातले. म्हणजे पूर्ण शांतता जिवंत माणसाच्या नशिबात नाहीच असा त्यानं अर्थ काढला. आणि तुला गंमत सांगतो, संगीत कशासाठी असतं, तर मन शांत करून वरच्याची चाहूल लागावी म्हणून, हे त्याला सांगितलं आपल्याच एका बाईनं. अहमदाबादच्या गीता साराभाई, 1946 च्या सुमारास न्यूयॉर्कला त्याच्याकडून तिकडचं संगीत शिकत होत्या आणि बदल्यात त्याला आपलं शिकवत होत्या. त्या पखवाज वाजवायच्या. वरचे दर्यापूरचे भाऊ वाचत असतील तर त्यांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही.

संगीत आहे का? माझं मत विचारशील तर एकदाच करण्यासारखी गोष्ट आहे, रोज ऐकायची नाही. पण वेडेपणा म्हणून सोडून देऊ नको. तुझ्या ग्रुपला घेऊन रात्री शेतात जा, मोबाईलवर 4 मिनिटं 33 सेकंदाचा टायमर लावा, आणि कोणीही बोलायचं नाही. रब्बीचे दिवस असतील तर दूरवर कोणाची तरी मोटर चालू असेल, टिटवी ओरडेल, हरभऱ्यात रानडुकराला हाकलणाऱ्याचा आवाज येईल, मग तुमच्यातला एक जण फिसकन हसेल, आणि त्याच्यामागून सगळे. कितव्या मिनिटाला हसला ते लिहून कळव. मला खरंच उत्सुकता आहे.

प्रश्न : आमच्या घराला लागून मंदिर आहे. भोंगा पहाटे साडेचारला सुरू होतो. पोरीचं बारावीचं वर्ष आहे. बोललो तर धर्माच्या विरोधात आहे म्हणतात. नाव छापू नका.

उत्तर : नाव छापलं नाही. नियम साधा आहे, 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकर वाजवता येत नाही, मंदिर असो, मशीद असो की लग्न. वर्षातले मोजके सणाचे दिवस सरकार रात्री बारापर्यंत सूट देतं, पहाटेची सूट त्यात नाही. वस्तीत दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे, आणि शाळा-दवाखान्याच्या 100 मीटरच्या आत त्याहून कमी. तक्रार पोलीस स्टेशनला किंवा 112 वर करता येते. पण आधी पुजाऱ्याच्या घरी जा, मंदिरात चार लोकांपुढे नको. काकड आरती बंद करा म्हणू नका, फक्त भोंग्याचं तोंड घरांपासून दुसरीकडे फिरवा आणि सहानंतर लावा म्हणा. मुलगी त्यांच्याही ओळखीची असेल, तिलाच सोबत न्या. काकड आरती भोंग्याच्या आधीपासूनची आहे, तेव्हाही देव उठतच होता.

प्रश्न : काकाजी, तुमचं वाचून मी रोज सकाळी पंधरा मिनिटं डोळे मिटून गप्प बसून राहिली. तिसऱ्या मिनिटाले झोप लागते. सून हसते. उपाय सांगा.
— एक आजी, चांदूर बाजार तालुका

उत्तर : आजी, पंधरा कशाला, पाचच मिनिटं बसा. भिंतीला टेकू नका, डोळे अर्धे उघडे ठेवा, तुळशीकडे बघा. हातात माळ असू द्या, मणी सरकला की झोप जाते, माळेचा अर्धा उपयोग तोच. चहा आधी घेतला तरी देव रागावत नाही. आणि तरी झोप लागलीच तर समजा की रात्रीची झोप कमी पडून राहिली, त्या दिवशी सरळ जाऊन झोपा, आणि सुनेला म्हणा तोवर तू बस.